डिंकाचे लाडू आणि हाडांचा वॉर्ड

वच्छी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात तुपात होते. डिंकाचे लाडू वळत होते, तेही तिच्यासाठीच. दर थंडीत एक डबा नागपूरलगत बेसाला तिच्या घरी पोचवायचा, हा माझा चाळीस वर्षांचा नेम... आणि तो नेम निव्वळ गैरसमजावर उभा होता, हे आता सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात आम्ही एकत्र नर्सिंग पास झालो. मी सदरमधल्या कारकुनाची मुलगी, ती पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची. पहिल्या नेमणुकीसाठी कुठला वॉर्ड हवा, ते मेट्रनबाईंनी प्रत्येकीला लिहून द्यायला सांगितलं. मला ऑपरेशन थिएटर हवं होतं, इतकं की मी सोमवार धरले होते. पण तिथे जागा एकच, आणि पहिला हक्क जास्त गुणवालीचा. वर्गात पहिली वच्छी, दुसरी मी. तिचे बाबा तर आधीच गावभर सांगून आले होते, "आमची पोरगी आता लोकायचे पोटं फाडते!" मी उशीत तोंड खुपसून रडून घेतलं.

वच्छीने लिहिलं, हाडांचा वॉर्ड. मेट्रनबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पहिली आलीस ना तू? मग हाडं कशाला?"

"तिथले पेशंट पळून जात नाही, बाई."

सगळ्या हसल्या, मी पुन्हा रडले. हिने माझ्यासाठी थिएटर सोडलं, असं मी मनाशी पक्कं केलं आणि लाडू सुरू झाले.

हाडांच्या वॉर्डात मग वच्छीचंच राज्य. मोडलेला पाय ताणून ठेवायला तेव्हा खाटेच्या टोकाशी दोरीने विटा टांगत. महिनोन् महिने जागचे न हलणारे ते पेशंट आणि वच्छीची जीभ! एकाने डॉक्टरांना हात जोडले, "साहेब, पायाचं राहू द्या, कानाले काही बांधता येते का?" घरी जाताना मात्र तोच तिच्यापाशी हमसून रडला.

मागच्या थंडीत ती लाडू खात असताना मला भरून आलं. म्हटलं, "वच्छी, माझ्यासाठी तू थिएटर सोडलंस गं..."

तिचा घास थांबला. "तुह्यासाठी? काहून वं? थिएटरात तोंड बांधून गप उभं राहा लागते. मले जमलं असतं का?"

"मग चाळीस वर्षं माझे लाडू का खाल्लेस?"

"तू आनत होती, मी खात होती."

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, "डबा रिकामा झाला, घेऊन जा वं."

गेल्या आठवड्यात तो अर्धवट राहिलेला डबा भरून बेसाला गेले. दाराला पाय ताणायच्या त्या विटांतलीच एक वीट टेकलेली, बँडेजचं कापड गुंडाळलेली. निवृत्तीच्या दिवशी तिने वॉर्डातून मागून आणली होती. दार लागलं तर येणारा-जाणारा बोलायला थांबणार कसा, ही तिची काळजी. तिच्या मुलाने पाणी दिलं, डबा घेतला आणि तो आत गेला. थिएटरात मी तीस वर्षं गप उभी राहिले, कधी जड गेलं नाही. त्या खोलीत दहा मिनिटं बसवेना.

निघताना माझा पाय लागून वीट सरकली आणि दार आपोआप बंद व्हायला लागलं. मी गुडघा धरून खाली वाकले आणि वीट पुन्हा दाराला लावून ठेवली.