क्रेनकाकांची चिप्सी मायाई

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली क्रेनकाका म्हणते. तरुणपणी ते पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदरावर गेले. आधी मालाला दोर बांधायचं काम केलं, मग क्रेनच्या केबिनमध्ये चढले आणि गुडघे कामातून जाईपर्यंत तीच नोकरी केली. दोन-दोन वर्षांनी घरी यायचे. आमच्या लग्नात नवऱ्याचे वडील कोणते ते मला कुणीतरी बोट करून दाखवावं लागलं होतं, आता बोला!

कायमचे परत आले तेव्हा घराला त्यांची सवय नव्हती आणि त्यांना घराची. काही विचारावं तर 'हं', आणि पुन्हा विचारावं तर 'बरं'. सासूबाईंशी मात्र त्यांचं छान जमलं. त्या बोलायला लागल्या की गाडीला ब्रेक नाही, आणि बाबांना ऐकायला कंटाळा नाही. संसार म्हातारपणी का होईना, रुळावर आला. मग सासूबाई गेल्या आणि बाबांची अन्नावरची वासनाच उडाली.

आम्ही म्हटलं, दुःख आहे, ओसरेल हळूहळू. ते ओसरायचं नाव नाही, उलट माणूसच वाळत चालला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायला लागली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खिळा तापवून बाबांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं, काही दिवसांनी आणखी एक. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "पोटात काही खोट नाही. पण वजन असंच उतरत राहिलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल." बाबा शांतपणे म्हणाले, "घाला." मला असा संताप आला म्हणून सांगू!

मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. भूक लागायच्या बाटल्या रोज कुणा ना कुणाच्या हातात ठेवते. आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. गुलाबी बाटली झाली, हिरवी झाली, पावडर झाली. मऊ भात केला, सूप केलं, गोड केलं, तिखट केलं. ताट झाकून त्यांच्या खोलीत ठेवायचं आणि तासाभरानं तसंच उचलायचं. माझ्या अगदी नाकी नऊ आले. शेवटी एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय खावंसं वाटतं ते तरी बोला. दगड म्हणालात तर दगड शिजवते."

छताकडे बघत म्हणाले, "चिप्सी मायाई."

मला वाटलं, देवा रे, ही कोण बाई आता? ह्यांचाही चेहरा पडला. पण बाबांनीच उलगडून सांगितलं, मायाई म्हणजे तिकडच्या भाषेत अंडी. बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडी तव्यावर टाकायच्या, वरून फेटलेलं अंडं ओतायचं, दोन्ही अंगांनी भाजायचं. वर कांदा-टोमॅटो, लिंबू, मिरचीचा रस्सा. बंदराच्या दाराशी एक बाई गाडी लावायची आणि बाबा दुपारी तिथं खायचे. म्हटलं, एवढंच ना? हातचा मळ आहे!

बटाटे गार पाण्यात ठेवले, कोरडे केले, दोनदा तळले. अंडं मिरपूड घालून फेटलं. असं सोनेरी झालं की फोटो काढून शेजारणीला पाठवला. बाबांनी एक तुकडा चावला आणि म्हणाले, "कुरकुरीत आहे." तक्रार केल्यासारखं! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बटाटा कुरकुरीत झाला म्हणून नावं ठेवली.

मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. गाडीवाली फोडी सकाळीच तळायची आणि काचेच्या पेटीत ढीग करून ठेवायची. दुपारपर्यंत त्या अगदी मरगळून जायच्या. अशा मरगळलेल्या फोडीच अंडं धरतात, कुरकुरीत फोडी त्याला जवळ येऊ देत नाहीत. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या खेपेला दुकानात जायच्या आधीच फोडी तळून ओट्यावर ठेवल्या. येते तो ह्यांनी येता-जाता अर्ध्या फस्त केलेल्या. उरलेल्यांची केली. दात कोरायच्या काड्या लागतात असं बाबा म्हणाले होते, त्याही ठेवल्या.

बाबांनी काडीनं एक फोड उचलली, खाल्ली. "हं. असंच असायचं."

मला अगदी आभाळ ठेंगणं झालं. ताटली त्यांच्या उशाशी ठेवली आणि आनंदानं भांडी घासायला गेले. हात पुसत परत आले तर ताटली जशीच्या तशी. अंडं गार होऊन तेल वर आलेलं, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, हा माणूस माझा अंत बघतोय. रविवारी विजेची शेगडी उचलली, त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढलं, त्यावर शेगडी, शेजारी फोडी, अंडी, पळी, सगळा पसारा मांडला. हे दारातून म्हणाले, "अगं, खोलीत तेलाचा वास बसेल." मी म्हटलं, "बसू दे. तुम्ही मध्ये पडू नका." ते गुमान बाजाराला निघून गेले.

"बाबा, उठून बसा. तुमच्या डोळ्यांसमोर करते. काय चुकतं ते सांगा. आज एक तर ही ताटली रिकामी होईल, नाहीतर मी डॉक्टरांना फोन करेन."

ते उठून बसले. मी फोडी टाकल्या, अंडं ओतलं. "आच कमी," ते म्हणाले. "हलवू नकोस. आता कडा सोडव." उलटायची वेळ आली तशी मी तव्यावर ताटली पालथी धरून सगळं तिच्यात उलटवून घेतलं आणि परत तव्यावर सोडायला ताटली वर धरली. त्यांनी दोन बोटं वर केली, जशी वर केबिनमध्ये दांड्यावर असायची तशी, आणि हळूहळू खाली आणली. "सावकाश. आणखी खाली. आणखी. सोड." अख्खी गोल पोळी न मोडता तव्यावर परत उतरली. एवढी शाबासकी मिळाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

ताटलीत काढून पुढे केली. त्यांनी काडीला फोड टोचली आणि माझ्याकडे धरली.

"मला नको. तुम्ही खा."

"घे."

"अहो, मी नंतर खाईन."

"नंतर कधी?"

माझं जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं. आणि आमच्या घरात तरी कोण कुणाबरोबर जेवतं? माझी दुकानाची वेळ, ह्यांची कामाची पाळी. ज्याचं त्याचं ताट झाकलेलं असतं.

बाबा म्हणाले, "तिथं वेगळी ताटली नसायची. एक ताटली, भोवती पाच-सहाजण, ज्याची त्याची काडी. दिवसभर वर एकटा असायचो मी. बोलायला कावळासुद्धा नाही. दुपारी त्या ताटलीसाठी खाली उतरायचो. एखादा हात धुवायला मागे राहिला तर बाकीचे थांबायचे. एकट्यानं सुरुवात केली की गाडीवाली शिव्या द्यायची." मग म्हणाले, "तुझी सासू होती तोवर बरं होतं. समोर बसायची."

भरल्या घरात हा माणूस अजून केबिनमध्येच बसला होता, आणि आम्ही त्याला वर ताटं पोचवत होतो. मला रडू फुटलं. त्याच रडवेल्या तोंडानं मी फोड खाल्ली. मग त्यांनी खाल्ली. मग मी.

रडताना खोटं बोलायला सुचत नाही. मी नाक पुसत म्हटलं, "बाबा, खरं सांगू? मला नाही हो आवडलं. तेलकट, नुसतं जड जड."

ते हसले. खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मला तरी कुठं आवडायचं!" ते म्हणाले, आणि काडी पुढच्या फोडीत टोचून, मी माझी उचलायची वाट बघत थांबले.