हार काढल्याशिवाय गार्ड बसत नाही

मोठ्या कंपनीच्या खरेदी-साहेबाने मला फसवलं. शब्द दिला, काम करून घेतलं आणि शब्द पाळायची वेळ आली तेव्हा पाठ फिरवली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहान शेड होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकायचो. वरून लोखंडी ठोकळा खाली येतो, खाली पत्रा असतो. चुकलं तर हात असतो. म्हणून पुढे जाळी लावतात, तिला आम्ही गार्ड म्हणायचो. अंबडात बोटं जायची आणि लोक त्यावर हळू आवाजात बोलायचे.

"सुरक्षेच्या नुसत्या पाट्या लावू नका, माणसांना शिकवा," काम द्यायला आलेला साहेब म्हणाला.

"शिकवतो. पण शिकताना मशीन बंद राहणार. त्या बदल्यात काय?"

"शेठ, ही काय भाजीमंडई आहे?"

"मी मंडईतच वाढलोय, साहेब. बोला."

बराच वेळ ओढाताण करून ठरलं: सुरक्षिततेसाठी मशीन थांबली तर माल उशिरा आलेला चालेल, आणि काम माझ्याकडून हलणार नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला एक फिटर मी शिकवायला आणला. पत्रा चिमट्याने कसा ठेवायचा, गार्ड कसा बसवायचा, क्लच झिजला की एकदाच दाबूनही प्रेस कशी दोनदा आपटते, हे त्याने प्रत्येकाकडून करून घेतलं. मशीन थांबवणाऱ्याने स्विचला लाल फडकं बांधायचं आणि ते त्यानेच सोडायचं, मालकानेसुद्धा नाही, असा त्याचा नियम. माझ्या कपाळाची शीर उठली.

"तुमचं डोकं तापतं ते घरी," तो म्हणाला. "आमच्याकडे हाच नियम होता, म्हणून पेन्शन घ्यायला मी जिवंत आहे."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. मशीन नीट धुता यावी म्हणून गार्ड काढतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. हार सुकेपर्यंत काढायचा नाही, देवाचा असतो. तो नेमका गार्डच्याच जागी लोंबतो. त्यामुळे दसऱ्यानंतर कित्येक शेडमध्ये हार डोलत असतो, गार्ड कोपऱ्यात असतो आणि प्रेस चालू असते.

माझी एक ऑपरेटर मखमलाबादच्या मळेवाल्यांच्या घरची होती. दसरा झाल्यावर कामावर आली आणि तिने सरळ हार उतरवला. बाकीचे दचकले.

"अगं, देवाचा हाय!"

"झेंडू आमच्याच मळ्यातला हाय. देव रागावला तर माझ्याकडे पाठवा. बोटं काय मळ्यात उगवत नाय."

तिने गार्ड बसवला आणि पत्रा न ठेवता प्रेस चालवून बघितली. प्रेस दोनदा आपटली. तिने स्विच पाडला, लाल फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "शेठ, क्लच गेला. माल आज नाय."

मी साहेबाला फोन केला. ठरलेल्याची आठवण करून दिली.

"ते ठरलं होतं हो, पण आज तुमच्या मालावाचून आमची लाइन बंद उभी आहे," तो म्हणाला. दुपारी त्याचा टेम्पो आला आणि भाग ठोकायचा कंपनीचा साचा आमच्याकडून उचलून आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या शेडमध्ये घेऊन गेला. साहेब स्वतः तिथे उभा राहून काम सुरू करून गेला. तिथे प्रेसवर हार होता. कोपऱ्यातला गार्ड त्यालाही दिसला असणारच.

संध्याकाळी ओरडा ऐकून आम्ही धावलो. त्या प्रेसवर हरसूलकडचा, लेकरंबाळं असलेला माणूस होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. रिक्षात तो माझ्या खांद्याला टेकून एकच विचारत होता, "दादा, हार काढला असता तर चाललं असतं का?" माझ्या ऑपरेटरने त्याचा हात पदरात गुंडाळून धरला होता.

काही दिवसांनी साहेब साचा घेऊन परत आला. चहा घेतला. "आता हे काम तुमच्याकडेच, शेठ. तुमची माणसं तयार आहेत."

"तयार होतीच, मशीन थांबवण्याइतकी. म्हणून तर तुम्ही साचा नेलात."

मी साचा ठेवून घेतला, कारण तो दुसरीकडे गेला असता तर पुन्हा कुणाच्या तरी हातावर पडला असता.

आज माझी शेड मोठी आहे. दसऱ्यानंतर हार ती बाईच उतरवते. साहेब निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतो, सकाळी फिरताना भेटतो, हात वर करतो. मी करत नाही. साहेब, गार्ड कोपऱ्यात दिसत असताना प्रेस सुरू करा असं तुम्ही का म्हणालात? मला नको, त्या हरसूलच्या माणसाला त्याच्या दारात जाऊन उत्तर द्या.