सुट्या इंजिनचा आवाज

“काल दुपारी बोट घेऊन कोठी फिरून राहिला होतास गा?”

सुकलाल काकांनी चपलेचा चिखल दगडावर पुसता पुसता बाबांना सहज विचारलं. बाबा हसले.

“बोट? इंजन तर काल शेडात खोलून पडला होता. सकाळीच पिऊन आला का तू?”

“नाई गा. सांडव्याकडे जाऊन राहिली होती. बोटीचा आवाज मले का कळत नाई?”

मी बोटीत उभी होते, हातात इंजिन सुरू करायचं हँडल. तोपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की तो आवाज फक्त मला ऐकू आला, म्हणजे भासच असणार...

हे सदर मी बरेच महिने वाचते आहे आणि खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या अनुभवांना मी हसले आहे. भूत, सावली, पांढरी साडी – मला यातलं काही पटत नाही. इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढले. आवाज आला म्हणजे त्याला कारण असतं, हेच लहानपणापासून पाहिलं. माझी शाळा गोंदियाला, इंग्लिश मीडियमची. मराठी लिहायची सवय कमी आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं गाव बोदलकसा तलावाच्या काठावर. बाबा शेतातल्या पंपाची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. मच्छीमार संस्थेच्या लोखंडी बोटीला तसंच एक इंजिन बसवलेलं आहे आणि तलावावर इंजिनची बोट ती एकच. बाकी सगळे डोंगे, वल्ह्यावर चालणारे. सुकलाल काका संस्थेचे, बोट तेच चालवतात.

पावसाळ्यात तलाव भरला आणि नेमकं इंजिन ठोके द्यायला लागलं. भार आला की आतून कोणी हातोडी मारल्यासारखं ठक, ठक. बाबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि जागा बदलत बदलत ऐकलं. मग मलाही ऐकायला दिलं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे बाहेरच्या जड चाकाच्या बाजूला ठोका सगळ्यात स्पष्ट होता. ऑइल बोटांवर घेतलं तर त्यात चंदेरी कचकच. फ्लायव्हीलखाली पहार लावून उचललं तर क्रँक, म्हणजे आतला फिरणारा दांडा, चक्क हलला.

“मेन बेअरिंग गेली,” बाबा म्हणाले.

घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी बोटुकली येणार होती – म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी माशांची पिल्लं. पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ती येतात आणि फार वेळ थांबू शकत नाहीत. ती पलीकडच्या काठाला, उथळ पाण्यात सोडतात. संस्थेच्या बायका बरोबर जातात, पाण्याला हळदकुंकू वाहतात, मगच पिशव्या उघडतात. वर्षभराची मासोळी त्यावरच असते.

इंजिन शेडात आणून खोललं आणि बाबा बेअरिंग आणायला तिरोड्याला गेले. मी एकटीच डिझेलमध्ये पार्ट्‌स धूत बसले होते. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. क्रँक माझ्यासमोर पोत्यावर, फ्लायव्हील भिंतीला टेकवलेलं.

आणि तलावावरून बोटीचा आवाज आला.

मी मान वर केली ती केवळ सवयीने. या इंजिनची धडधड मला झोपेतही ओळखू येते – एका ठोक्यानंतर किंचित अडखळते ती. आवाज काठापासून आत गेला, नेहमीसारखा. मग मधूनच ठक. परत ठक. वाढत गेला, जड झाला आणि एकदम थांबला. इंजिन बंद केल्यावर थांबतं तसा हळूहळू नाही. जाम झाल्यावर थांबतं तसा.

मी दारात जाऊन पाहिलं. बोट काठाला दोरीने बांधलेली होती, इंजिनची जागा रिकामी. पलीकडे पाण्यावर काहीच नव्हतं. सांडव्यावरून तलावाचं जादा पाणी खाली पडत होतं, त्याचा तेवढा आवाज.

बाबा आले. मी काही बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी बेअरिंग ठोकून बसवली, आम्ही इंजिन बोटीत चढवलं आणि काठालाच थोडा वेळ चालवून पाहिलं. अगदी मऊ चाललं.

आणि आता सकाळी सुकलाल काका हे विचारत होते.

पिशव्या बोटीत ठेवून झाल्या होत्या. बायका साड्या खोचून चढत होत्या, त्यांच्यात पुढे रेखाकाकू, हातात कुंकवाची डबी. वारा सांडव्याच्या दिशेने वाहत होता. मधल्या खोल पाण्यात इंजिन बंद पडलं असतं तर भरलेली बोट कुठे गेली असती, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाही सांगायची गरज नव्हती.

“हँडल दे,” बाबा म्हणाले.

मी दिलं नाही.

“दे ना पोरी.”

मी मान हलवली. चारचौघांत मी अशीही बोलत नाही... आणि बोलले असते तरी काय बोलले असते?

“ए इंग्लिशवाली,” रेखाकाकू ओरडल्या, “दे ना तुया बापाले! मासे मरतीन का तुया लाडापायी?”

बायका हसल्या. मी हँडलचं टोक नव्या बेअरिंगच्या जागेवर टेकवलं आणि बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. सगळ्या गावासमोर त्यांची पोरगी त्यांच्या कामाकडे बोट दाखवत होती.

“कायले? का झाला तथी?” ते म्हणाले. “घे, पाह तूच!”

रागारागातच त्यांनी वरची ऑइलची नळी सोडवली आणि भोकात तार घातली. क्रँक ज्या कड्यात फिरतो त्या बेअरिंगला एक भोक असतं, ते वरच्या भोकाखाली बरोबर यावं लागतं, तरच ऑइल क्रँकपर्यंत पोचतं. तार थोडी आत जाऊन अडली. दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगमध्ये घातली तर नखभर जास्त खोल गेली. बाबांनी परत पहिल्या भोकात घातली. परत तिथेच अडली. ठोकताना बेअरिंग किंचित फिरली होती आणि भोक झाकलं गेलं होतं. काठाला थोडा वेळ चालली ती बसवताना लावलेल्या ऑइलवर. भर पाण्यात कोरडी पडून जाम झाली असती.

सुकलाल काकांनी पिशव्या डोंग्यांत हलवल्या आणि काठाकाठाने नेल्या. उशीर झाला, काही पिशव्यांतली पिल्लं मेली. बोट त्या दिवशी निघाली नाही.

मी कारण शोधायचा खूप प्रयत्न केला. डोंगरावरून कुठल्या पंपाचा आवाज घुमला असेल? ऐन पावसाळ्यात कोण पंप लावतो? मी भोक नकळत पाहिलं असेल आणि मेंदूने आवाज रचला असेल? पण मी ऐकलं तेव्हा ती बेअरिंग तिरोड्यात दुकानात होती. आणि सुकलाल काकांचं काय? त्यांना ठोका ऐकू आला नव्हता, फक्त सांडव्याकडे जाणारी बोट. मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

गावात माझं कौतुक झालं. बाबांनी मात्र त्याच संध्याकाळी जेवताना विचारलं, “दिसला होता तर बसवतानाच काऊन नाई सांगतलं? लोकांसमोर कायले?” त्यानंतर ते कुठलंही इंजिन जोडून झाकण लावण्याआधी मला हाक मारायला लागले. “ये, पाहून घे. मागाहून नोको.” चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. तेच जास्त लागायचं. बापाला चुकू दिलं आणि मग गावासमोर उघडं पाडलं, असंच ते धरून बसले होते.

मागच्या आठवड्यात पुन्हा तशीच हाक आली. मी गेले, पण इंजिनकडे पाहिलं नाही.

“बाबा, मी भोक पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर तुमच्या कानात सांगितलं असतं, कोणाला कळूही दिलं नसतं. तुम्ही तिरोड्याला गेला होता ना, तेव्हा मी बोट बंद पडताना ऐकली.”