माणसांचे फोटो काढायला कुठे जावं

परक्या माणसाच्या चेहऱ्यात आपल्याला आपलीच ओळख पटते. म्हणून माणसं टिपायची, तर माणसानं दूरच्या गावी जावं. हे वाक्य मी एका नव्या फाईलच्या पहिल्या पानावर शाईच्या पेनानं लिहिलं होतं आणि खाली पट्टीनं रेघ मारली होती. खरं कारण त्या पानावर नव्हतं. फोटो का काढला म्हणून दूरच्या गावी कोणी गचांडी धरली, तरी त्याला आमच्या घरचा पत्ता ठाऊक नसणार. बडोद्यात तो फार लोकांना ठाऊक होता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. अलकापुरीत रंगीत रोल तासाभरात धुऊन देणारी दुकानं निघाली होती. ज्यांच्या घरचं कोणी अमेरिकेत होतं, त्यांच्याकडे बॅगांमधून जपानी कॅमेरे उतरत होते. माझ्याकडेही मेहुण्याच्या बॅगेतून एक उतरला. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, त्यामुळे फोटोही इतिहासाचेच काढत असे. वेशी, विहिरी, देवड्या, जुन्या कचेऱ्यांचे जिने. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं हौशी छायाचित्रकारांचं मंडळ भरे, तिथे मी हे फोटो दाखवत असे. मंडळाचे चिटणीस निवृत्त इंजिनिअर होते. एकदा माझे बारा फोटो ओळीनं बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुमच्या फोटोत माणूस कसा नसतो हो कधी?"

"मधे येतात. ते जाईपर्यंत मी थांबतो."

"म्हणजे कर्फ्यूची वाट बघता."

सगळे हसले. बडोद्यात कर्फ्यूवर विनोद चालत असे. तो प्रत्येकानं आपापल्या खिडकीतून पाहिलेला होता.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात माणसं असत, पण ठरावीक. दरवर्षी निदान तीन फोटोंखाली 'जीवनसंध्या' असं लिहिलेलं असे. तीन म्हातारे किंवा म्हाताऱ्या, एका बाजूनं ऊन, सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलन करून कॅमेऱ्याला आत्मा दिसतो असं सांगत आणि मग चहा असे. तुमची संध्या झाली का, असं त्या म्हाताऱ्यांपैकी कोणाला कोणी विचारलेलं नव्हतं.

मला प्रदर्शनाशी कर्तव्य नव्हतं. मला आईचा एक चांगला फोटो हवा होता, आणि तो दिवाळीच्या आत हवा होता. दिवाळीनंतर तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर "वयाच्या मानानं" एवढंच म्हणाले होते आणि पुढचं वाक्य त्यांनी खिशात ठेवलं होतं. आई तेव्हा बहात्तरची होती. जिना चढताना मधल्या पायरीवर ती थांबे आणि भिंतीवरचा रंग बघायला थांबल्यासारखं दाखवी. ती थांबली की मीही खाली थांबत असे, तिचं पाऊल पुन्हा पडल्याचा आवाज येईपर्यंत.

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. शेवटी निरोपसमारंभाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. त्यात उजवीकडे कोणाचा तरी टेरिलीनच्या शर्टातला खांदा आलाय. कोणाचा, ते कोणाला आठवत नाही. चंदनाचा हार त्या खांद्यावरूनही जातो. हा फोटो आमच्या दिवाणखान्यात होता आणि मला रोज दिसत होता.

मग आईचा फोटो सरळ काढायला काय हरकत होती? हरकत अशी, की आमच्या घरात वडीलधाऱ्यांना फोटोसाठी बसवणं याचा एकच अर्थ होता. आत्याला एकदा चांगली शाल पांघरून बसवली होती आणि दोन महिन्यांत ती गेली. तेव्हापासून कोणी कॅमेरा वर केला, की घरातली मोठी माणसं विचारत, "का रे, डॉक्टर काही बोलले का?" शिवाय माझा हात. दगडी वेशीसमोर तो दगडासारखा स्थिर राही. पण समोरून कोणी डोळ्याला डोळा भिडवला, की थरथरे आणि फोटो हलत असे. म्हणून मी ठरवलं, आठ दिवसांची रजा घ्यायची, एखाद्या गावी जाऊन अनोळखी माणसांवर हात बसवायचा आणि परत येऊन आईचा फोटो काढायचा.

गाव कुठलं, यासाठी ती फाईल होती. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, वडील त्यानंतरच्या सरकारच्या. आमच्याकडे भाच्याच्या मुंजीचीच नाही, तर मांजराच्या औषधाचीसुद्धा फाईल निघालेली आहे. मी प्रत्येक गावाला एक पान दिलं. काशीचं पान आधी भरलं. गल्ल्या, घाट, पहाटेचा उजेड, सगळं उत्तम. पण घाटावर चिता असतात, आणि चितेशेजारी उभा राहून मी कॅमेऱ्याचं भिंग पुसतो आहे, असं डोळ्यांपुढे येताच मी पान उलटलं. पुष्करच्या जत्रेत म्हणे उंटांइतकेच परदेशी असतात, तोफेएवढी लेन्स लावून. त्यांच्यात माझी मान वर होणार नाही. कलकत्त्याला मला मार पडणार नाही, पण फोटो काढण्यामागची माझी भूमिका विचारली जाईल, आणि ती मला सांगता येणार नाही. भूजच्या पानावर मी फक्त "ऊन" असं लिहिलं. माझ्या लक्षात आलं, की मी गावं निवडत नव्हतो. कुठे कशाची भीती वाटेल, याची नोंद करत होतो, आणि ती मात्र फार पद्धतशीर होत होती.

बायकोनं फाईल चाळली.

"अहो, काशी? आईंचं ऑपरेशन तोंडावर आणि तुम्ही काशीला चाललात? त्यांना काय वाटेल?"

"मी फोटो काढायला चाललोय."

"ते आणखीच वाईट." ती पान उलटत म्हणाली, "आधी इथे काढून बघा ना चार. भाजी घेताना कोणी हलत नाही, भाव करत असतात सगळे."

तालीम करावी हे पटलं. पण अंगावर नुसता कॅमेरा घेऊन बाजारात उभं राहायचं माझ्यानं होईना. मग आमच्या घराण्यातला जुना उपाय आठवला. ज्याच्या हातात शिक्क्याचा कागद आहे, त्याला कोणी हात लावत नाही, यावर आमचा तीन पिढ्यांचा विश्वास आहे. मी चिटणीसांकडून मंडळाच्या छापील कागदावर गुजरातीत एक पत्र टाइप करून घेतलं: हे गृहस्थ अभ्यासासाठी रस्त्यावरील व्यवहारांची छायाचित्रं घेत आहेत, त्यांना सहकार्य करावं. खाली सही आणि जांभळा गोल शिक्का. पत्र मी पुठ्ठ्याच्या पॅडवर चापात लावलं. त्याखाली कोरा कागद. कुठल्या फोटोला किती उजेड होता हे लिहायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी भाजी मार्केटमागच्या रस्त्यावर उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात कॅमेरा, हातात पॅड. दोन्ही बाजूंना भाजीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या होत्या आणि त्यांच्यामधे पथारी पसरून बसलेल्या बायका. आधी उजेड मोजला आणि कागदावर लिहिला. मग लाऱ्या किती अंतरावर आहेत, तेही लिहिलं.

पहिली लारी तेव्हाच हलली. मग दुसरी. टोमॅटोवाल्यानं ताडपत्री ओढून घेतली आणि एक शब्द न बोलता गाडी वळवली. शिट्टीचा आवाज आला, तिला पुढून दुसरी शिट्टी मिळाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर रस्ता रिकामा होत गेला. काय झालं ते मला कळेना. पळावं असं वाटलं. पण सगळे ज्या दिशेला पळत होते तिकडेच मला पळावं लागलं असतं.

एक बाई मात्र उठू शकली नाही. मेथीच्या जुड्या पसरून ती बसली होती आणि गुडघा धरून उठायचा प्रयत्न करत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला तो तिला मदत करायची सोडून, याची मला आजही लाज वाटते. चौकटीत तिचा चेहरा आला. एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच कोणाकडे कॅमेऱ्यातून बघत होतो, आणि तो चेहरा मला घाबरलेला होता.

"मारो फोटो शुं काम पाडो छो?" ती म्हणाली. "नाम लखी लीधुं?" फोटो कशाला काढता आणि नाव लिहून घेतलं का, असं ती विचारत होती.

मागून कोणीतरी कॅमेऱ्याचा पट्टा धरला. वळून बघितलं तर सहा-सात जण. पट्टा धरणारा माणूस फार शांतपणे बोलत होता, म्हणून जास्त भीती वाटत होती.

"साहेब, कई ऑफिसमांथी?"

मी पॅड पुढे केलं. त्यानं पत्र वाचलं नाही. शिक्का बघितला आणि मागच्यांना म्हणाला, "दबाणवाळा ज छे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बडोद्यात अतिक्रमणाला दबाण म्हणतात. लाऱ्या उचलायला महापालिकेची गाडी येते, त्याच्या आधी एक माणूस येतो. इस्त्रीच्या शर्टातला. तो अंतर मोजतो, फोटो काढतो, लिहून घेतो आणि निघून जातो. मी त्या माणसाची सोंगासकट हुबेहूब तालीम केली होती. कमी होता तो फक्त टेप. घेरा जवळ आला. पट्टा मानेला काचू लागला. कोणीतरी म्हणालं, रोल काढून घ्या. दुसरा म्हणाला, आधी चष्मा. मला गुजराती लहानपणापासून येतं, पण त्या वेळी "ना" सोडून एकही शब्द आठवेना.

मेथीवाली एव्हाना उभी राहिली होती. ती पुढे आली आणि तिनं माझा चष्मा नीट निरखून पाहिला.

"छोडो एने," ती म्हणाली. "आ तो रावपुरावाळां बाना दीकरा छे. मास्तर छे." मग मला म्हणाली, "बा केम छे? ऑपरेशन दिवाळी पछी ज ने?"

रावपुऱ्यातल्या बा म्हणजे माझी आई; ती भाजी हिच्याकडूनच घेत असणार. पट्टा सुटला. पट्टा धरणाऱ्यानं माझी कॉलरही सरळ करून दिली आणि मास्तरांनी असं करू नये, एवढं बोलून तो लारी परत आणायला गेला. मी एकही फोटो न काढता घरी आलो, आणि वाटेत ते पत्र चार घड्या घालून खिशात घातलं.

संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. जुड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या.

"मार्केटात दबाण काढत होतास म्हणे."

"ती इथे आली होती?"

"मेथी द्यायला आली. घाबरली होती बिचारी. तिचं टोपलं मागच्या महिन्यात एकदा गेलंय गाडीतून." आईनं एक काडी बाजूला टाकली. "तुझी फाईल वाचली मी. टेबलावरच होती. काशी, पुष्कर, कलकत्ता. आणि शेवटच्या पानावर लिहिलंयस, 'परतल्यावर आई'."

मी टेबलाकडे बघितलं.

"मला शेवटी का ठेवलंस?"

"जरा हात बसावा म्हणून."

"तुझा हात बसेपर्यंत मी बसायला हवी ना." तिनं हे मेथीकडे बघतच म्हटलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"वयाच्या मानानं."

"वयाच्या मानानं काय?"

"तेवढंच म्हणाले."

तिनं उरलेली जुडी सोडली, त्यातली पिवळी पानं काढली.

"ह्यांच्या फोटोतला तो खांदा मी रोज पुसते," ती म्हणाली. "माझ्या शेजारी कोणाचा नको. उद्या चार वाजता गॅलरीत ऊन येतं, तेव्हा काढ. शालबिल काही आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी चारला ती रोजच्या सुती पातळात खुर्चीवर बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती थेट बघत होती. डोळ्यांत काय होतं ते मी भिंगातून ओळखलं, कारण आदल्या दिवशी तेच पाहिलेलं होतं. आणि माझ्या डोळ्यांत काय होतं ते तिनंही ओळखलं असावं. हात थरथरू लागला. मी कोपर कठड्यावर टेकवलं.

"भ्यायलायस?"

"हो."

"मग मीही आहेच. दाब लवकर, ऊन जाईल."

नऊ फोटो काढले. आठ हलले. नववा स्थिर आला. त्यात ती कोणालाही बरं वाटावं म्हणून हसलेली नाही, नुसती बघते आहे, आणि तिच्या शेजारी कोणीही नाही. फाईल मी त्याच आठवड्यात बांधून माळ्यावर टाकली. ती आठ दिवसांची रजा हॉस्पिटलच्या बाकावर गेली.

ऑपरेशन नीट झालं. आई त्यानंतर एकोणीस वर्षं होती. ती गेली तेव्हा मी तो फोटो फ्रेम करून आणला, पण तो कोणी लावू दिला नाही. जमलेल्या नातवंडांनी त्यातल्या बाईला ओळखलंच नाही. त्यांनी पाहिलेल्या आजीच्या मानानं ती फारच तरुण होती. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला.