शेंदराची सोंड

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या स्टँडवर सभेची पत्रकं वाटत होते. गठ्ठा तसाच बाकावर टाकला आणि बारामतीची गाडी पकडली...

तात्या आमच्या गावच्या गणपतीचे गुरव. कऱ्हाटीच्या पुढं, कऱ्हेकाठी आमचं गाव. आमच्या घरात देव नव्हता. वडिलांनी छापलेली अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं होती, त्यांवरच मी वाचायला शिकले. तरी शाळा सुटली की मी देवळाच्या पायरीवर. तात्या वडिलांचे वर्गमित्र. "आली बघा पत्रकवाली," म्हणायचे, "पाया पडू नगंस, पर खोबरं खा." मग गोष्ट सांगायचे. देव मोरावर बसून मोरगावला निघालेला. मोर पाणी प्यायला कऱ्हेवर उतरला, देव खाली टेकला तर डुलकी लागली, आणि मोर एकटाच पुढं गेला. "म्हंजी तुमचा देव विसरून राह्यलेला?" मी विचारायचे. "व्हय की! म्हणून तर आपल्यासारख्यांत राह्यला."

दर चतुर्थीला ते तेलात शेंदूर कालवून देवाला लेप द्यायचे आणि ओल्या लेपावर अंगठा दाबत सोंड वळवायचे. त्यांचे वडील, आजेही तेच करत आले होते. लेपावर लेप चढून झालेलं कवच कधीतरी आपोआप सुटतं, मग ते नदीत सोडतात. देवळाच्या कमिटीला तेवढा धीर नव्हता. आत हिऱ्याच्या डोळ्यांची मूर्ती आहे, अशी गावाची समजूत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली यंदा माघात छिन्नी लावली. शेंदरी ढलप्या पडत गेल्या... आणि आत निघाला गुळगुळीत धोंडा. ना डोळे, ना सोंड.

"ह्यो गणपतीच न्हाय," अध्यक्ष म्हणाले. संगमरवरी मूर्ती आणायचं तिथंच ठरलं. मी भांडले. ते म्हणाले, "तुमच्याच पत्रकात हुतं ना, दगड हाय म्हणून? मग आता तुला काय झालं?"

"दगड कुणाचाही असेल. सोंड माणसांनी केली होती, ती तुम्ही फोडलीत!"

लोक हसले. तात्या खाली बसून ढलप्या धोतराच्या सोग्यात गोळा करत होते. "माझ्या बाचा हात हाय ह्यात," एवढंच म्हणाले.

धोंडा लिंबाखाली गेला. गाभाऱ्यात पांढरा देव बसला. त्याला शेंदूर चालत नाही, डाग पडतो. तात्यांकडं झाडलोट तेवढी उरली. त्यांचं जेवण तुटलं. "लिंबाखाली लावा की शेंदूर," मी विनवलं. ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "कुणाला लावू, पोरी? समद्यांनी उघडा बघितला त्याला."

तात्यांच्या मागं, गेल्या चतुर्थीला त्यांच्या सुनेकडून मी शेंदूर मागून आणला. देव मी आजही मानत नाही. तेलात कालवून लिंबाखालच्या धोंड्याला लेप दिला, अंगठा दाबला. सोंड घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तेल जास्त झालं असेल, की कमी... विचारू कुणाला? आत स्पीकरवर आरती लागली होती. शेंदूर मातीत ओघळत होता आणि मी दोन्ही तळवे धोंड्यावर दाबून त्याला नुसती म्हणत होते, थांब... थांब...