साट्यालोट्यातली सुनिता

मी छबुबाई, सुनिताची मावशी. ही सोयरीक मीच जमवली, म्हणून सांगायचा हक्क माझा आन् शिव्या खायचाबी माझाच.

चकलांब्याला माझी थोरली बहीण वत्सला. तिची दोन लेकरं, रामेश्वर आन् सुनिता. तिकडं धारूरच्या डोंगरात बायनाबाई. तिचीबी दोनच, आदिनाथ आन् वर्षाराणी. साटंलोटं केलं: त्यांची वर्षाराणी आमच्या रामेश्वरला, आमची सुनिता त्यांच्या आदिनाथला. एकाच मांडवात दोन लग्नं. मला वाटलं, एकमेकांच्या पोरी घरात असल्यावर कोण कुणाला तरास देईल? माझ्या अकलेला आग लागो.

रामेश्वर लई तापट. भाजी खारट झाली म्हणून त्यानं वर्षाराणीला मारलं. फोन धारूरला गेला. बायनाबाई आदिनाथला म्हणली, "तुझ्या बहिणीला एक बसली, तू हिला दोन हाण." आदिनाथ गायीवाणी गरीब. त्यानं सुनिताला खोलीत नेलं, दार लावलं आन् गोधडी बडवली. सुनिता आतून वरडली, "आई गं, मेले." म्हातारी बाहेर बसून रट्टे मोजीत होती. आत दोघं एकाच पदरात तोंड खुपसून हसत होती. हे सुनितानंच मला सांगितलं आन् सांगताना पुन्हा हसली. लई जीव होता त्यांचा एकमेकांवर.

पण दर येळी गोधडीवर थोडंच भागतं? मागच्या पोळ्याला रामेश्वरनं बायकोला माहेरी हाकललं. त्याच दिवशी बायनाबाईनं सुनिताची पिशवी दाराबाहेर ठेवली. दोघी बीडच्या स्टँडवर समोरासमोर आल्या, गळ्यात पडून रडल्या, एका पुडीतले भजे खाल्ले आन् आपापल्या गाडीत बसल्या. मी वत्सलाला म्हणलं, "पोराला आवर, यात तुझीच पोरगी मरतीय." तर म्हणती, "आधी त्यांनी आमची न्यावी." तिकडं बायनाबाईचंबी तेच. सुंभ जळंल, पण पीळ जायचा न्हाई.

दसऱ्याला ऊसतोडीची टोळी निघणार होती. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागती, एकटा गडी कुणी घेत न्हाई. बायनाबाईनं सूड आन् हंगाम एकदमच साधला. पंधरा दिवसांत आदिनाथला दुसरी बायकू केली. तो नको म्हणला, तर म्हातारी विहिरीकडं निघाली. झाला मग तयार. आईच्या भ्यानं गोधडी बडवणारा गडी, दुसरं काय करणार?

आन् आमचा रामेश्वर? जोडी त्यालाबी पायजेच. आठ दिवसांनी लाज सोडून धारूरला गेला, सासूच्या पाया पडला आन् वर्षाराणीला घेऊन आला. भांडण मिटलं म्हणं. मारणाऱ्याचा संसार राहिला आन् माझ्या सुनिताचा गेला. मी ऊर बडवून घेतला, दुसरं काय होतं माझ्या हातात?

सुनिता आता वत्सलाजवळच असती. ऊस तोडून आल्यापासून वर्षाराणी तिला जपती, तिच्या पुढ्यात हसत न्हाई. पोर गुणाची हाय.

यंदा पंचमीला आदिनाथ बहिणीला न्यायला आला. मी तिथंच होते. सुनितानं पाणी दिलं, ताट वाढलं. जेवून त्यानं हात धुतले आन् जुन्या सवयीनं म्हणला, "सुनिता, आवर. येष्टी जाईल."

सुनिता उठली. आतून पिशवी आणली, पायात चपला घातल्या. मग थांबली. मागं वर्षाराणी आपली पिशवी घेऊन उभी होती. आदिनाथ तोंड झाकून उंबऱ्यावर बसला आन् रडला. उठून बहिणीला घेऊन गेला, तेव्हाबी त्याला वर बघवलं न्हाई.

"चपला काढ बाई," मी म्हणलं.

"येष्टी जाईस्तर राहू दे, मावशे," ती म्हणली.