लॅमिनेट केलेली चिठ्ठी

आमच्या बाबांना, म्हणजे तात्यारावांना, उघडा कागद सहन होत नाही. सरकारी नोकरीत एकदा त्यांच्या एका कागदाला वाळवी लागली आणि बढती दोन वर्षं अडली. तेव्हापासून येरवड्यातल्या आमच्या घरात कागद आला की तो लॅमिनेट होतो. दाखले झाले, मार्कशीटं झाली, ताईच्या थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठीही झाली.

शर्मिलाताई माझी मोठी बहीण, हडपसरच्या आयटी कंपनीत टेस्टर. वजन एकशे एकोणीस किलो. चालणं झालं, काकडी झाली, लोकांचे सल्ले तर फुकटच मिळत होते. शेवटी २०१४ साली तिनं जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून बाबांनी सही केली.

सहा महिन्यांत पस्तीस किलो उतरले. आम्ही खूश. मग ताईची छाती धडधडू लागली. कीबोर्डवर बोटं थरथरायची, पंख्याखाली घाम फुटायचा, झोप उडाली. "अशक्तपणा असतोच गं," मी म्हणालो. मी मोठा डॉक्टर लागून गेलो होतो. बाबा रोज फायलीतून तो संमतीचा कागद काढून वाचायचे. त्यात मृत्यू हा शब्द दोनदा होता.

एका शनिवारी सकाळी ताईच्या हातून कप पडला.

"भूषण, माझं हृदय बंद पडणार रे."

रिक्षात मी तिची नाडी धरली आणि मोजायला लागलो. पुढं मोजायची भीती वाटली, म्हणून नुसताच हात धरून बसलो. बाबांनी फाईल छातीशी कवटाळली होती. "सही मीच केली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "थायरॉइडची गोळी किती पॉवरची घेता?"

बाबांनी चिठ्ठी पुढं केली. चकचकीत.

"ही तीन वर्षांपूर्वीची आहे. अजून हाच डोस?"

"एक दिवस चुकू दिला नाही मॅडम," बाबा म्हणाले. "मेडिकलवालाही हीच बघून देतो."

"ऑपरेशननंतर दर दीड महिन्यानं तपासायला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. तसं लिहिलेला कागदही फाईलमध्ये होता. लॅमिनेट करून.

"हृदय ठीक आहे, पण गोळी जास्त होतेय. वजन उतरलं की बऱ्याच जणांचा डोस कमी करावा लागतो. असंच चाललं असतं तर हृदयालाही झेपलं नसतं." बाईंनी जुना आकडा खोडायला पेन टेकवलं. ते प्लास्टिकवरून घसरलं. "हे कुणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

परतताना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं सवयीनं हात पुढं केला, "द्या काका." बाबांनी नवी चिठ्ठी खिशातून काढलीच नाही. घरी ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचली आणि खाली लाल पेनानं पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. हळदीचे डाग पडले, कोपरा दुमडला. मला वाटलं, आता हा माणूस ती लॅमिनेट करायला पळवणार. पण नाही.

त्या तारखेला सकाळी सात वाजता ते चपला घालून दारात उभे होते.

"शर्मिला, चल बाळा. कागद जुना झाला."